घडण एका यंत्रावर, वापर दुसऱ्यावर: एफएफएमपेगच्या क्रॉस-कंपाइलिंगविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

फॅब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० साली सुरू केलेला एफएफएमपेग हा मुक्तस्रोत प्रकल्प म्हणजे वस्तुतः एकच प्रोग्रॅम नसून अनेक लायब्रऱ्यांचा समूह आहे. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅमना आयते वापरता यावे अशा रीतीने बांधलेले कोडचे भांडार. या समूहातील लिबएव्हीफॉरमॅट ही लायब्ररी व्हिडिओ फाइलचे आवरण उघडून त्यातील चित्र आणि ध्वनी यांचे प्रवाह वेगळे करते, लिबएव्हीकोडेक ही दाबून साठवलेले हे प्रवाह उलगडते, तर लिबएसडब्ल्यूस्केल ही चित्राचा आकार आणि रंगांची मांडणी बदलते. हे सारे मुख्यत्वे सी भाषेत आणि जेथे वेग निर्णायक ठरतो तेथे प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत लिहिलेले असल्यामुळे, अँड्रॉइड किंवा आयफोनच्या अॅपमध्ये ते वापरण्यापूर्वी त्या फोनला समजेल अशा यंत्रभाषेत उतरवावे लागते. हे काम फोनवर न करता डेस्कटॉप संगणकावर करण्याच्या पद्धतीला क्रॉस-कंपाइलिंग म्हणतात, आणि या पद्धतीविषयी प्रचलित असलेल्या बहुतेक गैरसमजांचे मूळ एकच आहे: ज्या यंत्रावर कोड घडतो ते यंत्र आणि ज्या यंत्रावर तो चालतो ते यंत्र यांतील सीमारेषा नजरेआड होणे.

फोनमध्ये कंपायलर चालवण्याची ताकद नसल्यामुळे ही पद्धत निघाली, असे अनेकदा सांगितले जाते, पण ते खरे नाही. टर्मक्ससारख्या अॅपमध्ये क्लँग हा कंपायलर अँड्रॉइड फोनवरच चालतो आणि त्याने मोठे प्रकल्पही बांधता येतात. डेस्कटॉपची निवड होते ती सोयीसाठी. एकाच स्रोतावरून अनेक प्रकारच्या प्रोसेसरसाठी वेगवेगळ्या प्रती काढायच्या असतात, त्या पुन्हा पुन्हा काढायच्या असतात, आणि गूगलने अँड्रॉइडसाठी पुरवलेला एनडीके हा साधनसंच, म्हणजे सी आणि सी++ मधील कोड अँड्रॉइडसाठी बांधण्याचे अधिकृत साहित्य, लिनक्स, मॅकओएस आणि विंडोज या डेस्कटॉप प्रणालींसाठीच प्रसिद्ध केला जातो. ही पद्धत मोबाइल युगाची उपज आहे, हेही बरोबर नाही. १९७५ साली बिल गेट्स आणि पॉल अॅलन यांनी अल्टेअर या छोट्या संगणकासाठी बेसिक भाषेचा जो इंटरप्रिटर लिहिला, तो हार्वर्ड विद्यापीठातील पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर, ८०८० या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम वापरून घडवलेला होता.

याहून खोलवर रुजलेला, आणि म्हणूनच अधिक विस्ताराने पाहावा असा, गैरसमज प्रोसेसरविषयी आहे. अलीकडच्या मॅक संगणकांत आर्म प्रकारचा प्रोसेसर असतो आणि फोनमध्येही आर्मच असतो, तेव्हा मॅकवर बांधलेली लायब्ररी फोनवर तशीच चालावी, असा हा तर्क आहे. प्रोसेसरची आज्ञावली समान असणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी अट नव्हे. यंत्रभाषेतील कोड स्वयंपूर्ण नसतो. मेमरी मागणे, फाइल उघडणे, नवा थ्रेड सुरू करणे अशा प्रत्येक कामासाठी तो प्रणालीच्या मूळ सी लायब्ररीकडे जातो, आणि ती लायब्ररी प्रत्येक प्रणालीत निराळी असते. डेस्कटॉप लिनक्सवर ती बहुधा ग्लिबसी असते, तर अँड्रॉइडवर बायॉनिक नावाची, गूगलने घडवलेली लायब्ररी असते. दोन्हींच्या तळाशी लिनक्सचाच कर्नल असूनही, आर्म प्रोसेसरच्या डेस्कटॉप लिनक्सवर बांधलेला साधा प्रोग्रॅम अँड्रॉइड फोनवर नेला, तर तो सुरूसुद्धा होत नाही. कारण प्रोग्रॅम मेमरीत आणून त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या जोडून देणारा लोडर ज्या ठिकाणी असल्याचे त्या फाइलीत नोंदलेले असते, त्या ठिकाणी फोनमध्ये काहीच नसते. अँड्रॉइडचा लोडर निराळ्या नावाने, निराळ्या जागी असतो. फंक्शनला माहिती कोणत्या रजिस्टरमधून द्यायची, कोणत्या प्रकाराला किती बाइट द्यायचे, फाइलीची रचना कशी ठेवायची, या साऱ्या संकेतांना मिळून एबीआय म्हणतात. अँड्रॉइडचे आज प्रचलित असलेले चार प्रमुख एबीआय म्हणजे ३२ आणि ६४ बिटांच्या आर्मचे दोन आणि ३२ व ६४ बिटांच्या एक्स८६ चे दोन. गूगल प्लेने १ ऑगस्ट २०१९ पासून ६४ बिटांची प्रत देणे सक्तीचे केल्यामुळे केवळ जुन्या ३२ बिटांच्या आर्मसाठी लायब्ररी बांधून भागत नाही.

अॅपलच्या बाजूला हाच मुद्दा अधिक स्पष्टपणे दिसतो. नव्या मॅकवर चालणारा आयफोनचा सिम्युलेटर आणि प्रत्यक्ष आयफोन या दोहोंसाठी प्रोसेसर एकच, ६४ बिटांचे आर्म, असला तरी दोघांसाठीच्या प्रती वेगळ्या बांधाव्या लागतात, कारण फाइलीत ‘कोणत्या प्लॅटफॉर्मसाठी’ ही नोंद निराळी असते. अनेक प्रोसेसरांच्या प्रती एका फाइलीत एकत्र करणारे लिपो हे जुने साधन एकाच प्रोसेसरच्या दोन प्रती स्वीकारत नाही. म्हणून २०१९ मध्ये एक्सकोड ११ बरोबर आलेल्या एक्ससीफ्रेमवर्क या बांधणीत त्या शेजारी-शेजारी ठेवाव्या लागतात.

अँड्रॉइडसाठी बांधताना कंपायलरला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: सिसरूट, म्हणजे फोनच्या प्रणालीतील हेडर फाइली आणि लायब्रऱ्या यांची डेस्कटॉपवर ठेवलेली प्रतिकृती, आणि एपीआय पातळी, म्हणजे अँड्रॉइडची किमान कोणती आवृत्ती गृहीत धरायची तो आकडा. एनडीकेच्या आर१९ या आवृत्तीपासून स्वतंत्र साधनसाखळी तयार करण्याची जुनी पायरी अनावश्यक ठरली असून, कंपायलरच्या नावातच प्रोसेसर आणि पातळी लिहिलेली असते. येथे ‘आकडा जितका मोठा तितके चांगले’ अशी समजूत आढळते, ती घातक आहे. मोठी पातळी निवडली की बांधणीपूर्वी चालणाऱ्या कॉन्फिगर या स्क्रिप्टला नव्या अँड्रॉइडमधील फंक्शने सापडतात, लायब्ररी त्यांच्यावर विसंबते, बांधणी निर्विघ्न पार पडते, आणि जुन्या फोनवर अॅप उघडताक्षणी लोडर त्या फंक्शनचे नाव सापडत नसल्याचे सांगून थांबतो. योग्य आकडा म्हणजे ज्या सर्वांत जुन्या फोनपर्यंत अॅप पोचवायचे आहे त्याचा आकडा. ६४ बिटांच्या प्रतींसाठी तो २१ च्या, म्हणजे अँड्रॉइड ५.० च्या, खाली जाऊच शकत नाही.

ही कॉन्फिगर स्क्रिप्ट सर्व काही स्वतः ओळखते, हा समज तर अनुभवी लोकांतही आढळतो. डेस्कटॉपसाठीच बांधणी असते तेव्हा अशी स्क्रिप्ट छोटा चाचणी-प्रोग्रॅम बांधून तो चालवून पाहू शकते; क्रॉस-कंपाइलिंगमध्ये तो प्रोग्रॅम बांधता येतो, पण फोनच्या यंत्रभाषेत असल्यामुळे डेस्कटॉपवर चालवता येत नाही, आणि मग स्क्रिप्टला अंदाज करावा लागतो. एफएफएमपेगची कॉन्फिगर स्क्रिप्ट हाताने लिहिलेली असून ती प्रामुख्याने ‘बांधता येते का, जोडता येते का’ एवढेच तपासते, त्यामुळे तेथे हा त्रास कमी होतो. परंतु एफएफएमपेगसोबत जोडायच्या कित्येक सहायक लायब्रऱ्या ऑटोकॉन्फ या साधनावर उभ्या असतात, आणि त्याच्या जुन्या चाचण्या, चालवून पाहता न आल्यास, फोनमधील मेमरी मागण्याचे मूळ फंक्शनच सदोष आहे असे धरून त्याऐवजी अस्तित्वात नसलेल्या पर्यायी फंक्शनचे नाव घालतात. अशा चाचणीचे योग्य उत्तर आधीच हाताने पुरवणे हाच त्यावरचा उपाय असतो. शब्दांचा घोळही येथे मोठा आहे. ऑटोकॉन्फच्या परिभाषेत ‘होस्ट’ म्हणजे कोड ज्यावर चालणार ते यंत्र, आणि एफएफएमपेगच्या परिभाषेत ‘होस्ट’ म्हणजे ज्यावर बांधणी चालू आहे ते यंत्र. एकाच दुपारी दोन्ही प्रकारच्या लायब्रऱ्या बांधणाऱ्याने हा फरक कागदावर लिहून समोर ठेवावा, इतका तो महत्त्वाचा आहे.

मात्र सर्वांत छुपा दोष पीकेजी-कॉन्फिग या साधनातून शिरतो. अमुक लायब्ररी कोठे आहे, तिच्यासाठी कोणते पर्याय द्यायचे, हे सांगणारे हे साधन मूलतः डेस्कटॉपच्या सेवेत असते आणि विचारल्यास ते प्रामाणिकपणे डेस्कटॉपवरील लायब्ररीचाच पत्ता देते. हे टाळण्यासाठी एफएफएमपेगची स्क्रिप्ट फोनच्या उपसर्गाने सुरू होणारे वेगळे पीकेजी-कॉन्फिग शोधते, आणि ते न सापडल्याची सूचना पाहून अनेक जण घाईने डेस्कटॉपचेच साधन तिच्या हाती देतात. त्यानंतर चुकीच्या प्रोसेसरची लायब्ररी जोडायला लिंकरने नकार दिला तर ते सुदैवच, कारण चूक तत्काळ उघडी पडते. परंतु हेडर फाइली या केवळ मजकूर असल्यामुळे त्यांना कोणीही नाकारत नाही, आणि डेस्कटॉपवरील दुसऱ्याच आवृत्तीच्या हेडरमधील रचना फोनच्या लायब्ररीशी जुळेनाशी झाली की बिघाड दिसतो तो थेट वापरकर्त्याच्या हातात. शोधाच्या मार्गात नुसती भर घालणारा चल आणि मूळ मार्गच बदलून टाकणारा चल असे दोन पर्याय पीकेजी-कॉन्फिगमध्ये आहेत. क्रॉस-कंपाइलिंगसाठी दुसराच वापरायला हवा, कारण पहिला डेस्कटॉपचे दार उघडेच ठेवतो.

बांधणी चुकीविना संपली म्हणजे काम झाले, या समजुतीला अँड्रॉइडने वेळोवेळी धक्के दिले आहेत. लिनक्सच्या प्रथेप्रमाणे लायब्ररीच्या नावापुढे आवृत्तीचा आकडा लागतो. अँड्रॉइडचे अॅप मात्र ‘एसओ’ या अक्षरांनीच संपणारी नावे सोबत नेते, म्हणून आकडा असलेली लायब्ररी अॅपमधून गळते आणि लोडर तिलाच शोधत राहतो. लक्ष्य-प्रणाली म्हणून ‘लिनक्स’ऐवजी ‘अँड्रॉइड’ असे स्पष्ट सांगितल्यास एफएफएमपेगची स्क्रिप्ट हा आकडा स्वतःच वगळते. अँड्रॉइड ६.० पासून, एपीआय २३ हे लक्ष्य ठरवणाऱ्या अॅपमध्ये, कोडच्या भागातच पत्ते दुरुस्त करायला लावणाऱ्या लायब्रऱ्या नाकारल्या जाऊ लागल्या, आणि ३२ बिटांच्या एक्स८६ साठीची एफएफएमपेगची असेंब्ली नेमकी त्यात सापडली. अँड्रॉइड १० पासून, एपीआय २९ किंवा त्यापुढील लक्ष्य असलेल्या अॅपला स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरवलेला प्रोग्रॅम चालवता येत नाही, म्हणून एफएफएमपेगचा आदेश-प्रोग्रॅम अॅपमध्ये दडवून तेथून चालवण्याची जुनी युक्ती निकामी झाली. अँड्रॉइड १५ ने १६ केबी आकाराच्या मेमरी-पानांना आधार दिला आणि गूगल प्लेने १ नोव्हेंबर २०२५ पासून त्या आवृत्तीला लक्ष्य करणाऱ्या नव्या अॅप व अद्ययावत प्रतींसाठी ही सुसंगती सक्तीची केली. एनडीकेची आर२८ ही आवृत्ती तशी मांडणी आपोआप करते, जुन्या आवृत्तीत मात्र लिंकरला ती स्वतंत्रपणे सांगावी लागते. म्हणूनच खरी तपासणी फोनवरच होते. एफएफएमपेगच्या ‘फेट’ या चाचणी-संचात दुसऱ्या यंत्रावर चाचणी चालवण्याची तरतूद मुळातच आहे, आणि चेकअॅसम हे साधन असेंब्लीतील फंक्शनांचा निकाल सी भाषेतील प्रतींशी ताडून पाहते.

असेंब्लीचा उल्लेख आल्यामुळे आणखी एक सवय नोंदवणे भाग आहे. बांधणीत अडथळा आला की असेंब्ली बंद करणारा पर्याय देऊन मोकळे होण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, जणू त्याने काही बिघडत नाही. आर्म प्रोसेसरमधील निऑन हा भाग एकाच आज्ञेत अनेक संख्यांवर क्रिया करतो आणि व्हिडिओ उलगडण्याचे जड काम हाताने लिहिलेल्या निऑन कोडवरच पेललेले असते. तो काढून टाकला तर चित्र बरोबरच दिसते, पण प्रोसेसर अधिक राबतो, बॅटरी लवकर उतरते आणि मोठ्या आकाराचे व्हिडिओ अडखळतात. वरील ३२ बिटांच्या एक्स८६ चा अपवाद सोडला, तर असेंब्ली बंद करणे हा उपाय नव्हे, मूळ चूक झाकणे आहे. त्याचप्रमाणे, फोनमधील हार्डवेअर डीकोडर एफएफएमपेग आपोआप वापरते असेही नाही. २०१२ च्या अँड्रॉइड ४.१ मध्ये आलेल्या मीडियाकोडेक या सुविधेशी नाते जोडणारे पर्याय बांधणीच्या वेळीच द्यावे लागतात आणि अॅपनेही तोच डीकोडर नावाने निवडावा लागतो.

शेवटचा गैरसमज तांत्रिक नसला तरी त्याचा निर्णय कॉन्फिगरच्या त्याच ओळीत होतो. मुक्तस्रोत म्हणजे विनाअट, असे मानले जाते. वस्तुतः एफएफएमपेग मूलतः एलजीपीएल २.१ किंवा त्यापुढील परवान्याखाली असून, त्यानुसार बंदिस्त अॅपमध्येही ते वापरता येते, परंतु वापरकर्त्याला लायब्ररीची बदललेली प्रत पुन्हा जोडता यावी आणि तिचा स्रोत मिळावा, ही अट पाळावी लागते. एक्स२६४ सारखी जीपीएल लायब्ररी जोडण्यासाठी जीपीएलचा पर्याय दिला की संपूर्ण बांधणीच त्या अधिक कडक परवान्याखाली जाते, आणि ‘नॉनफ्री’ हा पर्याय दिल्यास तयार झालेली प्रत कोणालाही वाटता येत नाही. कोणते पर्याय दिले होते हे विसरणे शक्य असले तरी लायब्ररी ते विसरत नाही, कारण लिबएव्हीकोडेकमध्ये कॉन्फिगरची संपूर्ण ओळ आणि लागू झालेला परवाना ही दोन्ही मजकुराच्या रूपाने कोरलेली असतात आणि ती परत देणारी दोन फंक्शने तिच्यात आहेत. अॅप वितरणाला पाठवण्यापूर्वी ती दोन्ही फोनवर एकदा बोलावून उत्तर वाचायला मिनिटभरही लागत नाही.