कँटनमध्ये जेवायचे कोठे?

क्वांगचौ म्हणजे जुने कँटन. तेथे १९५७ पासून मोठा व्यापारी मेळा भरतो. आता तो वसंत व शरद ऋतूत असतो. तेथे जाणाऱ्या आपल्या बांधवांपुढे मालाच्या भावाआधी जेवणाचा प्रश्न उभा राहतो.

कँटनी स्वयंपाकात डुकराची चरबी व तांदळाची दारू सर्रास वापरतात. म्हणून कोंबडी किंवा भाजी मागवली म्हणजे झाले, असे समजू नये. हाँगकाँगच्या साध्या चहाखान्यात दुधाचा चहा चांगला मिळतो. पण बिस्किटे, पेस्ट्री घेताना चरबीची चौकशी जरूर करावी.

सोय मात्र आहे. हाँगकाँगच्या वानचाय भागातील अम्मार मशिदीत, पाचव्या मजल्यावर, हलाल डिमसम म्हणजे सारण भरून वाफवलेले पदार्थ मिळतात. क्वांगचौत हाताने ओढलेल्या शेवयांची हुई मुसलमानांची दुकाने आहेत. पाटीवर ‘छिंगचन’, म्हणजे हलाल, ही दोन चिनी अक्षरे पाहावीत. निघण्यापूर्वीच ती कागदावर लिहून घ्यावीत.

चिनी व्यापारी सौद्यानंतर जेवणाचा आग्रह धरतो. नकार देण्यापेक्षा आपणच त्याला अशा ठिकाणी दावत द्यावी. संबंधही टिकतील, परहेजही राहील. हलाल कमाईला लुकमाही हलालच शोभतो.