संमतीचा कागद आणि संमतीचा पडदा

संशोधनासाठीं संमति घेणें म्हणजे सही घेणें, अशी आपणां शहरवासीयांची समजूत असते. बँकेंत, इस्पितळांत आपण न वाचतां सह्या करतों. फार तर मोबाइलवरील चौकटींत बोट टेकवितों. पण हेंच संमतिपत्र गडचिरोलीच्या एखाद्या माडिया वस्तींत नेलें, म्हणजे कागद बरा कीं टॅबलेट, हा प्रश्न निराळें रूप धारण करतो.

या मुलखाला संशोधन नवें नाहीं. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचें स्त्रीरोगांविषयींचें काम १९८९ सालीं, आणि नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेविषयींचें १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालें. पहिलें दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर उभें होतें. इतक्या नाजूक तपासणीपूर्वीं काय विचारलें जात आहे, हें त्या स्त्रीला नीट कळणें किती अगत्याचें!

कागदाची पहिली अडचण भाषेची. पत्र मराठींत, घरांतली बोली गोंडी वा माडिया. वाचून दाखविणारा जें सांगेल तेवढेंच ऐकणाराच्या पदरीं पडतें. येथें टॅबलेट खरोखर कामाचा. बोलींतलें स्पष्टीकरण एकदां ध्वनिमुद्रित केलें, कीं घरोघर तेच शब्द ऐकूं येतात, पुन्हां ऐकतां येतात. रक्त किती घेणार तें चित्रानें दाखवितां येतें. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा संमतीला वाव आहे. निरक्षराचा अंगठा घेतांना निःपक्षपाती साक्षीदार मात्र हवाच.

पण सोय कोणाची? रकाना सुटत नाहीं, गठ्ठे वाहावे लागत नाहींत, ही सोय संशोधकाची. तो टॅबलेट पिशवींत घालून निघून जातो. कागदाची प्रत घरांत राहते, संध्याकाळीं शाळकरी मुलाकडून वाचून घेतां येते, आणि उद्यां ‘नको’ म्हणतां येतें. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवाची ग्रामसभा बहुमतानें नव्हे, सर्वसहमतीनें निर्णय घेते. त्याला कितीही बैठका लागोत. अशा विचाराला ‘पुढें’ हें बटण पुरत नाहीं. अर्थात् गांवाचा होकार हा एकेका माणसाचा होकार नव्हे, हेंही तींच तत्त्वें बजावतात.

आनंदवन चंद्रपूर जिल्ह्यांतलें, म्हणून कुष्ठरोगाचें उदाहरण येथें अस्थानीं होणार नाहीं. अगदीं नव्या औषधी द्रव्यांच्या चाचणींत दुर्बल व्यक्तींच्या संमतीचें दृक्‌श्राव्य मुद्रण २०१९ च्या नियमांनीं आवश्यक ठरविलें. परंतु कुष्ठरोग व एच्. आय्. व्ही. यांवरील औषधांपुरतें केवळ ध्वनिमुद्रण सांगितलें. चेहरा टिपावयाचा नाहीं. ज्याच्या बोटांची संवेदना गेली, बोटें झिजलीं, त्याला कागदावरचा अंगठा काय आणि कांचेवरचा स्पर्श काय, दोन्ही सारखींच अवघड; त्याचा आवाज मात्र त्याचाच असतो.

माझ्या मतें समजावणें पडद्यावर व्हावें, प्रत कागदावर द्यावी, आणि माघार कशी घ्यावी तें तिच्यावर सर्वांत ठळक अक्षरांत छापावें. सहीपूर्वीं त्या माणसाकडून ऐकलेलें त्याच्याच शब्दांत वदवून घ्यावें. तें त्याला सांगतां आलें नाहीं, तर पत्रच पुन्हां लिहावें.