मधातली राख आणि उसाची खूण



पेडगावचे आपले एक सभासद मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या सूर्यफुलाच्या मधाने बाटलीतच रवा धरला. गिऱ्हाइकाने ‘ह्यात कारखान्याची साखर आहे’ म्हणून चार बाटल्या परत आणून दिल्या. साखरेचं नाव निघालं की बोट आपल्याकडेच! ते बाटली घेऊन आमच्याकडे आले, म्हणून हे चार शब्द.

रवा धरणे हा मधाचा दोष नव्हे. ज्या मधात ग्लुकोज जास्त तो लवकर गोठतो, आणि सूर्यफुलाचा तर काही आठवड्यांतच. पाण्यात थेंब सोडणे, वात पेटवणे, कुत्र्याला चाटवणे ह्या गावठी परीक्षांवर आमचा मुळीच भरवसा नाही.

मग तपासायचे काय? पहिले पाणी. रसाचा ब्रिक्स पाहतो त्याच रिफ्रॅक्टोमीटरवर मध 80 आला, तर पाणी 18 ते 19 टक्के समजावे. मर्यादा 20 ची. त्यापुढे मध आंबतो. दुसरे सुक्रोज, म्हणजे आपली साखर. ती 5 टक्क्यांच्या आत हवी. सह्याद्रीतल्या कारवीच्या मधाला मात्र 10 टक्क्यांपर्यंत सूट आहे.

तिसरे खनिजे. मध जाळून उरलेली राख मोजतात, किंवा साखरेच्या राखेसाठी वापरतो तसा विद्युतवाहकता मापक लावतात. फुलांच्या मधाला मर्यादा 0.8 मिलिसिमेन्स. खनिजांत पोटॅशियम सर्वांत जास्त. गडद मधात ती सहसा अधिक, फिक्यात कमी. पण ‘खनिजांचा खजिना’ म्हणून मध विकणाऱ्यांना एक हिशेब विचारा. राख 0.2 टक्के धरली तर 20 ग्रॅमच्या मोठ्या चमच्यात 40 मिलिग्रॅम! त्यापेक्षा आपला गूळ बरा.

आता खरी मेख. साखरेचे आम्लाने विघटन करून पाक मिसळला, तर सुक्रोजच्या परीक्षेत तो सापडत नाही. पण ऊस आणि मका हवेतला कार्बन वेगळ्या रीतीने घेतात. त्यांच्या साखरेत जड कार्बन किंचित जास्त असतो. ती खूण समस्थानिक तपासणीत उमटते. अशी साखर 7 टक्क्यांपर्यंतच चालते. म्हणून भेसळवाले तांदळाच्या पाकाकडे वळले. भातात ती खूण नाही. 2020 साली दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने 13 ब्रँड तपासून घेतले, तेव्हा सर्व कसोट्यांना फक्त 3 उतरले. पुष्कळ नमुने पकडले गेले ते एन.एम.आर. तपासणीत.

ही यंत्रे आपल्याकडे नाहीत. मधाच्या नेहमीच्या तपासण्यांसाठी पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

आपल्या सभासदांच्या बाटलीचा ब्रिक्स 81 भरला, सुक्रोज मर्यादेत निघाले. पुढच्या तपासणीला नमुना पाठवायचा आहे. तोवर गोठलेली बाटली कोमट पाण्यात ठेवावी, चुलीवर उकळू नये. तापवलेल्या मधात एच.एम.एफ. वाढते आणि चांगला मधही नापास होतो. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला, मध कितीही शुद्ध असो, चाटवू नका.