कोणती फाइल कोणाची?

संगणकावर मराठी अक्षरं दिसतात, ती एका फाइलमधून येतात. त्या फाइलला फॉन्ट म्हणतात. अशाच एका फॉन्टचं नाव आहे 'लोहित'. लोहित म्हणजे लाल. रेड हॅट या कंपनीने लोहित फॉन्ट सगळ्यांना मोफत दिले. पुढे ते सांभाळण्याचं बरंचसं काम कंपनीच्या पुण्यातल्या इंजिनिअर मंडळींनी केलं. 2011 पासून या फॉन्टचा परवाना असा आहे, की तो कोणीही वापरावा, त्यात बदल करावा आणि दुसऱ्याला द्यावा. अशा सॉफ्टवेअरला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात.

पण फॉन्ट तयार झाला म्हणजे काम संपलं का? नाही. तो लोकांच्या संगणकावर नीट पोचायला हवा. त्यासाठी त्याचं 'पॅकेज' करतात. पॅकेज म्हणजे गाठोडंच! त्यात फॉन्टची फाइल असते, परवान्याची फाइल असते, कधी सेटिंगची फाइलही असते. हे गाठोडं बांधणाऱ्या माणसाला 'मेंटेनर' म्हणतात. पुष्कळ मेंटेनर हे काम पगार न घेता, स्वयंसेवक म्हणून करतात.

मेंटेनरचं एक महत्त्वाचं काम म्हणजे यादी ठेवणं. या पॅकेजच्या कोणत्या फाइल संगणकावर कुठे ठेवल्या, याची ही यादी. ती कशाला हवी?

असं समजा, की तुमच्या मंडळाने गणेशोत्सवासाठी व्हँकुव्हरमधला एक हॉल भाड्याने घेतला आहे. समई, पाट, सतरंज्या, पातेली असं सगळं सामान घरोघरून आणलं. संध्याकाळी हॉल रिकामा करायचा आहे. यादी नसेल तर काय होईल? एखादं पातेलं मागे राहील. किंवा हॉलच्या खुर्च्या चुकून आपल्या गाडीत चढतील! म्हणून 'आपण काय आणलं' याची यादी लागते. हॉलमध्ये काय काय आहे, याची नव्हे.

संगणकाचंही तसंच आहे. पॅकेज काढून टाकताना संगणक यादी बघतो आणि त्यातल्याच फाइल पुसतो. यादीत नसलेली फाइल मागे राहते. दुसऱ्याची फाइल यादीत घुसली, तर तीसुद्धा पुसली जाते. दोन पॅकेजनी एकाच जागी एकाच नावाची फाइल ठेवायची म्हटलं, तर यादीमुळेच भांडण आधी कळतं आणि संगणक थांबतो.

ही यादी तपासायची कशी? फेडोरा नावाच्या लिनक्समध्ये 'आरपीएम' ही पद्धत वापरतात. पॅकेज तयार होताना आरपीएम दोन्ही बाजूंनी बघतं. फाइल आली पण यादीत नाही, तर काम थांबतं. यादीत आहे पण फाइल आलीच नाही, तरीही काम थांबतं. हिशेब जुळल्याशिवाय गाठोडं बांधलं जात नाही.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारच्या आल्बर्टा प्रांतातलं आहे. तिथल्या कॅलगरी शहरात थिओ डी राट यांनी 1995 मध्ये 'ओपनबीएसडी' सुरू केलं. त्यात या यादीच्या फाइलला 'पीलिस्ट' म्हणतात. नवी आवृत्ती आली, की मेंटेनर एक आज्ञा देतो आणि संगणक यादी नव्याने लिहून देतो. किती सोपं, नाही का?

पण खरी गंमत इथेच आहे. ती यादी माणसाने वाचावीच लागते. का बरं? कारण कोणत्या फाइल आल्या, एवढंच संगणक सांगतो. कोणत्या यायला हव्या होत्या, हे त्याला माहीत नसतं. समजा, फॉन्ट तयार करताना एखादं साधन सापडलं नाही आणि मराठीची फाइल बनलीच नाही. संगणक तक्रार करेलच असं नाही. तो फक्त एक ओळ कमी असलेली यादी लिहून देईल. नवी यादी जुनीशी जुळेल का? नाही. म्हणून चांगला मेंटेनर दोन्ही याद्या शेजारी ठेवतो. वाढलेली ओळ बघतो आणि गेलेली ओळ तर दोनदा बघतो.

एका ओळीने एवढा काय फरक पडतो? मराठीतला 'ल' आणि 'श' हिंदीतल्यापेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये मराठी अक्षरांचं प्रमाण रूप ठरवून दिलं, त्यात हा फरक जपला आहे. मराठीचा फॉन्ट यादीतून गळला, तर संगणक दुसरा देवनागरी फॉन्ट वापरतो. मग अक्षरं दिसतात, पण 'ल' हिंदी वळणाचा होतो. दुसरा फॉन्ट नसेलच, तर अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसतात. वाचणाऱ्याला वाटतं, आपलाच संगणक बिघडला. यादीतली एक ओळ गेली, हे त्याला कसं कळणार?

म्हणून हे काम कंटाळवाणं वाटलं, तरी कोणीतरी शांतपणे बसून ती यादी ओळीओळीने वाचतं. तेव्हा कुठे आपल्याला 'लाल' हा शब्द नीट दिसतो.

शब्दार्थ
गाठोडं – कापडात सामान ठेवून बांधलेली मोठी पुरचुंडी
परवाना – परवानगी देणारा कागद
सतरंजी – जमिनीवर अंथरायचं जाड सुती कापड
हिशेब जुळणं – दोन्हीकडची मोजणी सारखी येणं
गळणं – (इथे) नकळत राहून जाणं
वळण – अक्षर लिहिण्याची पद्धत, आकार

विचार करा आणि सांगा
1. यादीत 'हॉलमध्ये काय आहे' हे न लिहिता 'आपण काय आणलं' हे का लिहायचं?
2. संगणकाने लिहिलेली यादी माणसाने का वाचायची?
3. तुमच्या घरी कोणकोणत्या याद्या करतात? त्यातली एक ओळ राहून गेली, तर काय होईल? पाच वाक्यं लिहा.