बीथोव्हेनच्या ऑपेरात खऱ्या कैद्यांनी कोरस गायला, पण त्यांना स्टेजवर येताच आलं नाही

नवऱ्याला गुपचूप तुरुंगात डांबलंय. बायको पुरुषाचा वेश करते, 'फिडेलिओ' असं नाव घेते आणि त्याच तुरुंगात नोकरीला लागते. तिथला क्रूर प्रमुख नवऱ्याचा जीव घ्यायला येतो, तेव्हा ती मध्ये उभी राहते.

बीथोव्हेनने आयुष्यात एकच ऑपेरा पूर्ण केला, तो हा 'फिडेलिओ'. आपल्या संगीत नाटकासारखे यात गाण्यांच्या मध्ये संवादही असतात.

पहिलाच प्रयोग पडला

२० नोव्हेंबर १८०५, व्हिएन्ना. आठवडाभर आधीच नेपोलियनचं सैन्य शहरात घुसलं होतं. प्रेक्षकांत बरेचसे फ्रेंच अधिकारी होते. तीन प्रयोगांत खेळ बंद पडला. बीथोव्हेन बदल करत राहिला आणि १८१४ मध्ये आलेली आवृत्ती गाजली. आज जगभर तीच होते.

मग नवीन काय?

२०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या 'हार्टबीट ऑपेरा'ने ही गोष्ट आजच्या अमेरिकेत आणली. यातला नवरा स्टॅन हा 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' चळवळीचा कार्यकर्ता आहे. त्याची बायको लिया तुरुंगात गार्ड होते. गाणी जर्मनच ठेवली, संवाद इंग्रजीत केले. मोठ्या ऑर्केस्ट्राऐवजी दोन पियानो, दोन हॉर्न, दोन चेलो आणि तालवाद्यं घेतली. २०२२ मध्ये हा प्रयोग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्येही झाला.

कैद्यांचा कोरस

मूळ ऑपेरात एक प्रसंग आहे. कैद्यांना थोडा वेळ उजेडात सोडतात. ते मोकळ्या हवेचं गाणं गातात, पण दबक्या आवाजात, कारण पहारेकरी ऐकत असतात. नंतर त्यांना परत आत पाठवतात.

नव्या प्रयोगात हा कोरस अमेरिकेतल्या सहा तुरुंग-गायनवृंदांनी गायला. त्यात शंभरहून जास्त कैदी होते आणि सोबत बाहेरचे स्वयंसेवक. या सगळ्यांनी जर्मन शब्द शिकून घेतले. कैद्यांना थिएटरात आणणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांच्या गाण्याचं रेकॉर्डिंग केलं आणि प्रयोगात पडद्यावर त्यांचे चेहरे दाखवले.

हे का महत्त्वाचं?

एरवी हा कोरस गाणारे कलाकार मेकअप पुसून घरी जातात. इथले गायक रेकॉर्डिंग संपल्यावर परत कोठडीत गेले, अगदी बीथोव्हेनच्या कैद्यांसारखे. ऑपेराच्या शेवटी सरकारचा मंत्री येतो आणि बेड्या निघतात. या गायकांसाठी असा कुणी मंत्री आला नाही. थिएटरपर्यंत पोचले ते फक्त त्यांचे आवाज आणि पडद्यावरचे चेहरे.