विजेची गाडी : आज घ्यावी की स्वस्त होण्याची वाट पाहावी?



आजचे युग विज्ञानाचे आहे असे आपण भाषणांतून नेहमी म्हणतो. परंतु विज्ञानाने दिलेली वस्तू घरात आणताना मात्र आपण हिशेब सोडून ऐकीव गोष्टींवर विसंबतो. विजेवर चालणाऱ्या दुचाकीचे सध्या असेच झाले आहे. आम्ही बँकेत कारकून असल्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे दोन वाटांनी येतो. काउंटरपलीकडून कर्जदार विचारतात आणि काउंटर सोडले की समाजबांधव विचारतात. प्रश्न एकच असतो : "पुढच्या वर्षी स्वस्त गाडी येणार म्हणतात. थांबावे की आताच घ्यावी?"

याचे उत्तर सर्वांना सारखे लागू पडत नाही. परंतु उत्तर काढण्याची रीत मात्र सर्वांना सारखीच आहे. ती रीत सांगावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाट पाहण्याचा इतिहास

आपल्या देशात गाडीसाठी वाट पाहणे ही नवी गोष्ट नाही. १९७२ साली बजाजची चेतक स्कूटर आली, तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. तेव्हाची वाट नाइलाजाची होती, कारण बाजारात माल कमी होता. आजची वाट आपण स्वखुशीने पाहतो, कारण किंमत उतरेल अशी आशा असते.

या आशेचे काय होते ते पाहण्यासाठी दोन उदाहरणे पुरेशी आहेत. पहिले नॅनो मोटारीचे. १० जानेवारी २००८ रोजी टाटा कंपनीने दिल्लीच्या प्रदर्शनात एक लाखाची मोटार दाखविली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिंगूरचा कारखाना सोडावा लागला, २००९ च्या एप्रिलमध्ये नोंदणी झाली आणि पहिली किल्ली ग्राहकाच्या हाती पडली ती जुलै २००९ मध्ये. नोंदणी दोन लाखांच्या वर झाली आणि पहिल्या एक लाख गाड्या सोडत काढून वाटाव्या लागल्या. तात्पर्य, घोषणा म्हणजे गाडी नव्हे. घोषणेपासून आपल्या दारापर्यंतचा रस्ता लांबचा असतो.

दुसरे उदाहरण विजेच्या चेतकचे. ती १४ जानेवारी २०२० रोजी एक लाख रुपये किमतीला बाजारात आली, तीही प्रथम फक्त पुणे आणि बंगळुरू येथे. खानदेशातील ग्राहकाला थांबणे भागच होते. मध्यंतरी तिची किंमत बरीच वर गेली. पुढे जून २०२४ मध्ये '२९०१' ही स्वस्त आवृत्ती ९५,९९८ रुपयांना आली. म्हणजे पुण्यातील ज्या ग्राहकाने "स्वस्त झाली की घेऊ" म्हणून साडेचार वर्षे वाट पाहिली, त्याचे दर्शनी किमतीत सुमारे चार हजार रुपये वाचले. त्या साडेचार वर्षांत त्याने पेट्रोलवर काय खर्च केला असेल, याचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा.

किंमत का उतरते, का चढते?

विजेच्या गाडीतील सर्वांत महाग भाग म्हणजे तिची लिथियम बॅटरी. जगाच्या बाजारात या बॅटरीचे दर गेल्या पंधरा वर्षांत खूप खाली आले हे खरे. परंतु २०२२ साली कच्चा माल महागला आणि ते वरही गेले.

दुसरे कारण सरकारी अनुदानाचे. केंद्राच्या 'फेम-२' योजनेत जून २०२१ पासून दुचाकीला बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे १५,००० रुपये, गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांच्या मर्यादेत, मिळत होते. १ जून २०२३ पासून हा दर १०,००० रुपये व मर्यादा १५ टक्के झाली. एप्रिल २०२४ पासून ५,००० रुपये दर आणि एका गाडीला जास्तीत जास्त १०,००० रुपये. एप्रिल २०२५ पासून 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत दर २,५०० रुपये आणि कमाल ५,००० रुपये. म्हणजे एकीकडे बॅटरी स्वस्त होत गेली आणि दुसरीकडे अनुदान आटत गेले. थांबणाऱ्याच्या एका हाताला मिळाले ते दुसऱ्या हातातून गेले.

थांबण्याचा फायदा कधीच होत नाही असेही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्या दिवाळीला पेट्रोल स्कूटर घेणाऱ्याचे चार पैसे वाचले. विजेच्या गाडीवर हा कर १ ऑगस्ट २०१९ पासूनच ५ टक्के झाला होता. त्यामुळे तिच्या किमतीत त्या दिवाळीला करामुळे फरक पडला नाही.

हिशेबाची रीत

आता मुख्य मुद्दा. थांबण्याला पैसे लागत नाहीत असे आपण समजतो, ते बरोबर नाही. थांबण्यालाही दरमहा भाडे पडते. ते भाडे म्हणजे जुन्या गाडीत टाकलेले पेट्रोल.

समजा, एक बांधव भुसावळहून जळगावला रोज नोकरीस येतात. जाऊन-येऊन ५० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे १,२५० किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर महिन्याचा खर्च सुमारे २,९१७ रुपये. तेवढ्याच अंतराला विजेची स्कूटर, चार्जिंगमधील गळती धरून, १०० किलोमीटरला साडेतीन युनिट या हिशेबाने सुमारे ४४ युनिट वीज घेईल. युनिटला १० रुपये धरले तर ४४० रुपये. (घरचे युनिट वाढले की महावितरणचा वरचा टप्पा लागतो, म्हणून दर थोडा चढा धरला आहे.) बचत झाली सुमारे २,४७७ रुपये. हेच या बांधवांच्या थांबण्याचे दरमहा भाडे.

दुसरी एक भगिनी धुळे शहरातच शिक्षिका आहे असे समजा. रोजचे आठ किलोमीटर, महिन्याला २००. तिचे पेट्रोल सुमारे ४६७ रुपयांचे, वीज ७० रुपयांची. बचत फक्त ३९७ रुपये.

आता सूत्र असे : येणारी गाडी किती रुपयांनी स्वस्त असेल असे वाटते, त्या रकमेला महिन्याच्या बचतीने भागावे. जे उत्तर येईल तितके महिने थांबणे परवडते, त्याहून अधिक नाही. पंधरा हजारांनी स्वस्त गाडी येणार असेल, तर भुसावळच्या बांधवांना सहा महिनेच थांबणे परवडते. धुळ्याच्या भगिनीला मात्र तीन वर्षे थांबले तरी तोटा नाही, जुनी गाडी धड चालत असेल तर. बातमी एकच, परंतु दोघांचे निर्णय वेगळे आणि दोन्ही बरोबर.

यात आणखी एक पथ्य आहे. 'येणारी' गाडी आपल्या जिल्ह्यातील दुकानात उभी आहे का, तिची दुरुस्ती जळगाव किंवा धुळ्यात होते का, हे पाहिल्याशिवाय तिची किंमत हिशेबात धरू नये. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी जी शिकवण दिली तिचा आशय असा की, केवळ ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. जाहिरात तर ग्रंथही नाही.

कर्जाची बाजू

एक लाख रुपये कर्ज, साडेदहा टक्के व्याज, तीन वर्षे मुदत, असे धरले तर हप्ता सुमारे ३,२५० रुपये बसतो. एकूण परतफेड १ लाख १७ हजार. भुसावळच्या बांधवांची बचत हप्त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग भरून काढते. उरलेले ७७३ रुपये पगारातून घालावे लागतील आणि तीन वर्षांनी सर्व बचत घरात राहील. धुळ्याच्या भगिनीच्या बाबतीत मात्र हप्त्यातील २,८५३ रुपये खिशातून जातील. तेवढ्यात एका मुलाच्या शिकवणीची फी निघते. "पेट्रोल वाचेल, त्यातच हप्ता फिटेल" हे दुकानदाराचे वाक्य म्हणूनच आपल्या किलोमीटरवर घासून पाहावे.

हप्ता फिटल्यावर बचतीतून दरमहा पाचशे रुपयांची आवर्ती ठेव उघडावी असे आम्ही सुचवितो. हमी संपल्यानंतर बॅटरी बदलण्याची वेळ आली तर ती रक्कम उपयोगी पडेल.

खानदेशच्या उन्हाचा विचार

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अति उष्णता बॅटरीचे आयुष्य कमी करते. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशात काही विजेच्या स्कूटरींनी पेट घेतला, त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले व ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यामुळे जुनी विजेची गाडी विकत घेताना ती या नियमांनंतर बनलेली आहे का, हे अवश्य पाहावे. गाडी सावलीत लावावी. उन्हातून आल्याबरोबर चार्जिंगला न लावता आधी निवू द्यावी. घरात अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून तपासून घ्यावे. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्यांनी बॅटरी काढून घरात नेता येईल अशीच गाडी पाहावी. हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, हे तोंडी न ऐकता कागदावर घ्यावे.

कंपनी सांगते त्यापेक्षा प्रत्यक्ष अंतर कमी मिळते, हेही ध्यानात ठेवावे. ३१ जुलै रोजी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर, १९३७ साली बाबासाहेब जेथे येऊन राहिले तेथे, आपण अभिवादनास जातो. धुळ्याहून विजेच्या स्कूटरने जाऊन येणे सहज जमेल. जळगावहून मात्र एस.टी.नेच यावे.

विद्यार्थ्यांसाठी

ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या गाडीला नोंदणी व परवाना लागत नाही. गावातल्या गावात कॉलेजला जाण्यास ती पुरते. मात्र "वेग वाढवून देतो" असे कोणी म्हणाले तर नकार द्यावा. ती गाडी मग कायद्याने परवाना, नोंदणी आणि विमा लागणारी होते आणि अपघात झाल्यास सर्व भार पालकांवर येतो.

शेवटी

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत एक सुख ऋण नसण्याचे आहे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक अडीअडचणीसाठी ठेवण्यास सांगितले आहे. गाडी कोणत्या भागातून येते, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. रोजीरोटीसाठी रोज लांब पळणाऱ्याची गाडी ही व्यवसायाच्या भागातली. त्याने स्वस्ताईच्या बातमीवर फार काळ थांबू नये. हौसेची गाडी उपभोगाच्या भागातली. ती कर्ज न काढता, शिल्लक पडेल तेव्हा घ्यावी, तोवर खुशाल थांबावे. अडीअडचणीच्या भागाला आणि मुलांच्या शिक्षणाला हात लावून मात्र कोणतीच गाडी घेऊ नये, मग ती पेट्रोलची असो वा विजेची, आजची असो वा पुढच्या वर्षीची.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम.