टोमॅटोचे सशक्त रोप

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील कान्हे हे गाव मावळात, इंद्रायणीच्या खोऱ्यात वसलेले आहे. हा प्रदेश भाताचा. येथील शेतकरी आधी लहानशा वाफ्यात भाताची रोपे तयार करतो व मग ती खाचरात लावतो. शेजारच्या वडगाव येथील भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला ‘इंद्रायणी’ तांदूळही याच रीतीने लावतात.

टोमॅटोची रीतही हीच. फरक एवढाच, की भाताच्या रोपाला मावळातील पाऊस मानवतो; टोमॅटोचे कोवळे रोप मात्र त्या माऱ्यात टिकत नाही. म्हणून भाद्रपदात त्याचे बी पडवीत, आडोशाला पेरावे. तळाला भोके असलेले पसरट खोके घेऊन त्यात पोयट्याची माती, वाळू व पूर्ण कुजलेले शेणखत मिसळून भरावे. बी सुमारे १ सेंटिमीटर खोल, विरळ पेरावे. उबदार हवेत ५ ते ८ दिवसांत अंकुर वर येतात.

खरी काळजी येथून पुढे घ्यावयाची असते. अंधाऱ्या कोपऱ्यातील रोपे भराभर उंच होतात. पाहणाऱ्यास ती जोमदार वाटतात. वस्तुतः ती प्रकाशासाठी धडपडत असतात. त्यांचे तुटपुंजे अन्न खोड लांबविण्यातच खर्ची पडते आणि खोड फिकट व बारीक राहते. पाणी अधिक झाले, तर मातीतील बुरशी बळावते व रोप जमिनीलगत कुजून कोलमडते. यासाठी खोके भरपूर उजेडाच्या बाजूस ठेवावे, माती सुकू लागल्यावरच पाणी द्यावे आणि दाट रोपे विरळ करावीत.

सुमारे तीन आठवड्यांनी रोपास चार-पाच पाने येतात. एव्हाना पाऊसही ओसरू लागतो. तरीही रोप लगेच शेतात नेऊ नये. पहिल्या दिवशी त्यास तासभर कोवळे ऊन द्यावे, दुसऱ्या दिवशी दोन तास. असे आठवडाभर वाढवीत जावे व पाणी थोडे कमी करावे. ऊन-वारा सोसता सोसता पाने जाड होतात, खोड टणक बनते. मग दिवस कलल्यावर लागवड करून पाणी द्यावे. खोडाचा थोडा भाग मातीत गेला, तर त्यालाही मुळे फुटतात.

पडवीतून एकदम उन्हात गेलेले उंच रोप दुपारीच मान टाकते. रोज थोडे ऊन सोसलेले रोप बोटभर ठेंगणे असले, तरी ताठ उभे राहते.